धुराचा जाब कुणी द्यावा?

नीतिशास्त्रातील काही प्रश्न ग्रंथात सोपे वाटतात आणि रस्त्यावर आले की अवघड होतात. रविवारच्या मिस्सेच्या वेळी आमच्या वसईतील चर्चच्या आवारात मोटारी व स्कूटर यांची दाटी पाहिली की असाच एक प्रश्न आम्हांला पडतो. ज्या कृत्याने प्रत्येकाकडून होणारी हानी मोजता येणार नाही इतकी अल्प आहे, परंतु सर्वांची मिळून होणारी हानी मुलाबाळांच्या फुप्फुसांपर्यंत पोहोचते, त्या कृत्याचा जाब कुणी द्यावयाचा?

'कुणीच नाही' हे उत्तर सोयीचे आहे. अमुक मोटारीच्या धुराने अमुक माणूस आजारी पडला, असे सिद्ध करता येत नाही हे खरे. पण हाच युक्तिवाद हजार जणांनी केला की हजार निरपराध माणसे आणि एक धापा टाकणारे मूल एवढेच शिल्लक राहते.

संत थॉमस अक्विनास यांनी स्वसंरक्षणासंबंधी जे विवेचन केले, त्यातून पुढे 'दुहेरी परिणामाचे तत्त्व' आकाराला आले. एकाच कृत्यातून बरे व वाईट असे दोन्ही परिणाम होत असतील, तर वाईट परिणाम हा हेतू नसावा, बऱ्या परिणामाचे साधन नसावा आणि तो पत्करण्यास तेवढेच वजनदार कारण असावे. धूर सोडण्यासाठी म्हणून कुणी घराबाहेर पडत नाही. तेव्हा वाहन चालविणारा पहिल्या कसोट्यांतून सुटतो. अडतो तो शेवटच्या कसोटीवर. अडलेल्या बाळंतिणीला रात्री इस्पितळात नेणारी रिक्षा आणि हाकेच्या अंतरावरील दुकानातून पाव आणण्यासाठी काढलेली मोटार या दोहोंचे कारण सारखे नाही. शिवाय धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याखेरीज नीट काम करीत नाही, आणि पाव घेऊन परत येईतो ते बहुधा तापलेलेच नसते! एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हजार किलोंचे यंत्र साठ किलोंच्या माणसाला वाहून नेते, तेव्हा बहुतेक इंधन यंत्रालाच हलविण्यात खर्ची पडते.

सुधारणा झाल्या नाहीत असे नाही. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे मानक लागू होऊन इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले. पण वाहनांची संख्याही वाढतच गेली. विजेची मोटार आपल्या दारातला धूर नाहीसा करते. मात्र महाराष्ट्रातील बरीचशी वीज कोळशावरच तयार होते आणि टायर व ब्रेक यांच्या झिजेची धूळ उडायची ती उडतेच.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९० च्या शांतिदिनाच्या संदेशात निसर्गाची हानी हा नैतिक प्रश्न असल्याचे सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात सार्वजनिक वाहतुकीला अग्रक्रम देण्याची गरज मांडली. तरीही हा विषय प्रवचनात आला की तो वसुंधरेच्या सौंदर्याकडे वळतो, मोटारीच्या प्रतिष्ठेकडे वळत नाही. लग्नाच्या मिस्सेला किती गाड्या आल्या, हे आपल्याकडे अजून मोजले जाते. रस्त्याच्या कडेने चालणारी भाजीवाली सर्वांत कमी धूर करते आणि सर्वांत अधिक गिळते. काचा मिटून बसलेल्याला तो जाणवतही नाही. येथे प्रश्न दयेचा नसून न्यायाचा आहे, असे आमचे मत आहे.

याची दुसरी बाजूही आहे. जेथे बस वेळेवर येत नाही, तेथे स्कूटर काढणाऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. भर पावसात आजीला चालत या म्हणणे तर क्रूरपणाच. परंतु मते मागायला येणाऱ्यांकडे गटार, पाणी यांच्याबरोबर बसही मागावी, हे आपल्याला क्वचितच सुचते. आणि एकाच आळीतून एकाच मिस्सेला पाच गाड्या निघतात, त्याऐवजी थकल्याभागल्यांसाठी एकच निघाली आणि बाकीचे गप्पा मारीत पायी आले, तर आवारातली बरीचशी जागा मुलांना खेळायला मोकळी होईल.