एक जूनची माणसं

निमगाव केतकी म्हटलं की विड्याची पानं आणि डाळिंब. डाळिंब परदेशी जाऊ लागलं तसे मागोमाग कागदही आले. युरोपातल्या खरेदीदाराला ग्लोबलगॅप प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या जोडीला बरेचजण ‘ग्रास्प’ नावाची तपासणीही मागतात. तिथं फवारणीची नाही, माणसांची वही बघतात. कामावर कोण, वय किती, हजेरी, मजुरी, करार.

तपासणीची तारीख आधी कळते, म्हणून आदल्या रात्री हजेरीचं मस्टर ‘पुरं’ केलं जातं. चार महिन्यांच्या सह्या एकाच निळ्या पेनानं, पानाला ना डाग ना घडी, आणि पोळ्याच्या दिवशीसुद्धा सगळे हजर! तपासणाऱ्याला पहिल्या दोन पानांतच काय ते कळतं. खरं मस्टर मळकं असतं.

खरी गंमत जन्मतारखेची. पॅकहाऊसमध्ये प्रतवारीला बसलेल्या बायकांची माहिती लिहून घ्यायला बसा.

‘‘मावशी, जन्मतारीख?’’

‘‘एक जून लिही की बाळा.’’

पुढचीची एक जून. तिच्या शेजारणीचीही एक जूनच. परक्याला ही बनवाबनवी वाटणार. आपल्याला माहीत असतं, की आईबापांना तारीख सांगता येईना, शाळा जूनमध्ये भरायची, गुरुजींनी वर्षाचा अंदाज बांधला आणि एक जून टाकून मोकळे झाले. म्हणजे तारीख खोटी, पण दाखला अस्सल. वर दाखल्यावर नाव माहेरचं, आधारवर सासरचं आणि बँकेच्या पासबुकात स्पेलिंग तिसरंच. जानेवारी २०२४ मध्ये भविष्यनिर्वाह निधी संघटनेनं जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढून टाकलं, तेव्हा शाळा सोडल्याचा तो जुना दाखला पुन्हा शोधायची वेळ आली. शाळेची पायरीच न चढलेलीला सिव्हिल सर्जनचं प्रमाणपत्र आणि सोबत प्रतिज्ञापत्र.

अशा वेळी सगळे कागद जुळवून ‘नीट’ करून टाकायचा मोह होतो. इथं अमेरिकेतली एक रीत मला पटते. १९८६ च्या कायद्यापासून तिथं नवा माणूस ठेवला की ‘आय-नाइन’ नावाचा फॉर्म भरावा लागतो, मग धंदा एखाद्या मराठी माणसाचं छोटंसं हॉटेल का असेना. माणूस रुजू झाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत मालकानं त्याचे कागद तपासून आपला भाग पुरा करायचा. फॉर्ममध्ये चूक सापडली तर खाडाखोड करायची नाही. चुकीवर रेघ, शेजारी दुरुस्ती, सही आणि तारीख, तीही आजची. मागची तारीख टाकणं हे मूळ चुकीपेक्षा वाईट धरतात. आपल्या मस्टरला हे सहज लागू पडेल. माहेर-सासरची नावं जुळत नसतील तर ‘जुळत नाहीत’ असं रुजू होण्याच्या दिवशीच लिहून ठेवावं, दाखल्याची प्रत सोबत लावावी. तपासणाऱ्याचे निम्मे प्रश्न तिथंच मिटतात.

वहीनं न सुटणारी एक गोष्ट मात्र आहे. सुट्टीत आईबरोबर आलेली, सहज म्हणून क्रेटपाशी बसलेली बारा वर्षांची पोरगी. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदाच्या आतल्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. घरच्या कामात शाळेनंतर हातभार लावायची सवलत आहे, पण पॅकहाऊस तिच्या घरचं नव्हे. तिचं नाव मस्टरला नसतंच. तिला तपासणीच्या दिवसापुरतं नाही, त्याआधीच घरी पाठवायला हवं.

राहता राहिला मुकादम. टोळी पिकअपमधून येते, हिशेब उक्ता होतो, आणि मुकादमाच्या खिशातल्या वहीत फक्त ‘बायका १४, गडी ३’. त्या चौदाजणींपैकी एकीचा हात उद्या क्रेटखाली सापडला, तर ती त्या दिवशी कामावर होती हे दाखवायला मालकाकडे काही नसतं आणि तिच्याकडेही नसतं.