सत्ती की जोकर?

दिवाळीच्या दुपारी फराळाच्या बशा उचलल्या गेल्या, की आमच्या माजघरात सतरंजी पसरली जाते आणि रमीचा डाव मांडला जातो. गेल्या वर्षी अशाच एका डावात माझी पुतणी आणि माझे मेहुणे यांची चांगलीच जुंपली. त्या डावात सत्ती जोकर निघाली होती. पोरीने बदामाची छक्की, सत्ती आणि अठ्ठी अशी तीन पाने मांडली आणि "ही माझी प्युअर सिक्वेन्स," म्हणून जाहीर केले. मेहुणे म्हणाले, "वा ग वा! मधे जोकर घालून प्युअर कशी?" पोरगी हट्टाला पेटली. "मामा, ही सत्ती जोकर नाहीच मुळी. ती सत्ती म्हणूनच बसलीय."

निवाडा माझ्याकडे आला. घरात एक शाळामास्तर असला, की न्यायाधीशाचा खर्च वाचतो! मी निकाल पोरीच्या बाजूने दिला. रमीचा नियमच तसा आहे. जोकर ठरलेले पान हव्या त्या पानाची जागा घेऊ शकते. पण आपल्याच रंगात, आपल्याच जागी बसले, तर ते आपण स्वतःच असते. पोरीने विजयाने पाने गोळा केली. मला मात्र त्या निकालाबरोबर शाळेतला एक प्रसंग आठवला. त्यात निकाल माझ्याविरुद्ध गेला होता, आणि तो देणाऱ्या बाईने आवाजसुद्धा चढवला नव्हता.

आमच्या शाळेत मुलांची सारी नोंद आता संगणकावर असते. नाव, जन्मतारीख, फी, आणि शेवटी एक 'शेरा'. ज्यांची अर्धी फी माफ झाली आहे, त्यांच्या शेऱ्यात '५०% माफ' असे लिहिलेले असते. एकदा या मुलांकडून उत्पन्नाचे दाखले मागवायचे होते. कचेरीतल्या भाऊसाहेबांनी शोधायच्या चौकटीत '५०%' असे टाइप केले आणि निघालेली यादी माझ्या हाती दिली. माझ्या वर्गातली सहा-सात नावे असावीत असा माझा अंदाज होता, निघाली एकोणीस. मी ती वर्गात वाचू लागलो. मधेच पेठेतल्या एका बड्या दुकानदाराच्या मुलाचे नाव आले. ही काहीतरी चूक असणार, असे मनाशी म्हणून मी ते गाळले. अशी आणखी काही नावे मी गाळली. मग शेवटच्या बाकावरच्या एका मुलाचे नाव आले. तो उभा राहून म्हणाला, "सर, माझं नाव नसेल त्यात." मी म्हणालो, "आहे. बस खाली, आणि दाखला घेऊन ये." तो बसला. वर्गात कोणीतरी हसले.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. ती चार घरी पोळ्या करते. तिने पदराच्या गाठीतून फीच्या पावत्या काढून टेबलावर ठेवल्या. सगळी फी भरलेली होती; एकदा ५०० रुपये उशिरा भरले होते, आणि तीच नोंद शेऱ्यात होती. ती म्हणाली, "सर, माफी पाहिजे असती तर मीच अर्ज केला असता. पोराला चारचौघांत कशाला उभं केलंत?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हा 'संगणकाची चूक झाली' हे सोपे उत्तर मी दिले.

संगणकाचे काय चुकले, हे नंतर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने समजावून सांगितले. माहितीच्या अशा साठ्यांना प्रश्न विचारायची एक भाषा असते. एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याची कल्पना प्रसिद्ध केली, आणि १९७४ साली चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी तिच्यासाठी ही प्रश्नांची भाषा मांडली. तिलाच आज एस्क्यूएल म्हणतात. या भाषेत 'असे असे दिसणारे शोध' म्हणून सांगायची सोय आहे, आणि त्यासाठी दोन चिन्हे जोकर ठरवली आहेत. टक्क्याचे चिन्ह म्हणजे 'इथे काहीही चालेल, आणि काही नसले तरी चालेल'. अक्षराखालची आडवी रेघ म्हणजे 'इथे कोणतेही एकच अक्षर'. '%राव' असे विचारले, की माधवराव, बाजीराव सारे हजर होतात, आणि नुसता 'राव'सुद्धा. 'र_म' असे विचारले, की राम येतो आणि रोमही येतो. यंत्र काना-मात्राही वेगळी मोजते.

आपल्या बोलण्यात तरी दुसरे काय असते? अमका, तमका, आटपाट नगर, बीजगणितातला क्ष, हे सारे जोकरच. त्यांच्यावाचून गोष्ट सांगता येणार नाही आणि गणितही सोडवता येणार नाही.

भाऊसाहेबांनी टक्का टक्का म्हणूनच लिहिला होता. यंत्राने तो जोकर म्हणून वाचला. 'पन्नासच्या मागेपुढे काहीही' असा प्रश्नाचा अर्थ झाला, आणि ५०० रुपये उशिरा भरणाराही त्यात सापडला. अशा वेळी करायचे काय? त्या भाषेच्या कर्त्यांनी त्याची तजवीज केलेली आहे. चिन्हाच्या आधी एक ठरावीक खूण ठेवायची. तिचा अर्थ एवढाच, की पुढचे अक्षर जसे आहे तसे घे. कोणती खूण वापरायची हे 'एस्केप' असा शब्द लिहून विचारणाराच सांगतो. काही ठिकाणी उलटी तिरकी रेघ आधीच ठरलेली असते. एस्केप म्हणजे सुटका. चिन्हाची त्याच्यावर लादलेल्या अर्थातून सुटका! आणि ती खूणच शोधायची असेल, तर ती दोनदा लिहावी लागते. दुसऱ्यांना सोडवणारालाही आपल्या सुटकेसाठी वेगळी तरतूद लागते, हे वाचून मला हसू आले.

आमच्या भाषेच्या मास्तरांना हा पेच नवा नाही. पाणिनीला तो अडीच हजार वर्षांच्या आसपास पूर्वी पडला होता. एखाद्या सूत्रात 'अग्नि' या शब्दाला प्रत्यय सांगितला, तर तो कशाला लावायचा? निखाऱ्याला तर प्रत्यय जोडता येत नाही! मग पावक, अनल या शब्दांना लावायचा काय? अष्टाध्यायीच्या पहिल्याच अध्यायात पाणिनीने याचा निकाल लावून ठेवला आहे. व्याकरणात शब्द आला, की त्याने त्याचे स्वतःचे रूपच घ्यायचे. अपवाद फक्त व्याकरणाच्या पारिभाषिक संज्ञांचा. म्हणून 'अग्नि'चे आग्नेय होते, त्या नियमाने अनलाचे काही होत नाही. उलट 'वृद्धि' म्हटले, की व्याकरणात वाढ समजायची नाही. आ, ऐ, औ हे स्वर समजायचे.

या दोन व्यवस्था शेजारी ठेवल्या, की एक गोष्ट ध्यानात येते. पाणिनीकडे शब्द मुळात स्वतःचा असतो. त्याला दुसऱ्या कशाची खूण करायची, तर तसे आधी सांगावे लागते. टक्क्याचे उलटे आहे. प्रश्नात शिरला, की तो मुळातच 'काहीही' असतो. त्याला स्वतःचे राहू द्यायचे, तर तसे सांगावे लागते. आता मला वाचकांना विचारायचे आहे ते हे, की माणसांना वाचताना आपण कोणता नियम पाळतो?

'माणसाला कधी साच्यात बसवू नये' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. साठ मुलांच्या वर्गात उभे राहून त्यांनी ते करून दाखवावे! साचे मनात नसते, तर मला हजेरीसुद्धा घेता आली नसती. हा पोरगा उपाशी आला आहे, त्याला आज ओरडू नये, हे मला साच्यामुळेच कळते. जोकर काढून टाकले, तर रमीचा डाव लागायचा नाही. तेव्हा प्रश्न साचे टाकण्याचा नाही. पहिला मान कोणाला द्यायचा याचा आहे.

त्या विद्यार्थ्याने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती माझ्या मनातून अजून गेलेली नाही. तो म्हणाला, "सर, तक्त्यातला टक्का नेहमी टक्काच असतो. 'काहीही' होतो तो फक्त विचारणाऱ्याच्या प्रश्नात." नोंद आपल्या जागी शांत असते. '५०% माफ' म्हणजे तेवढेच, '५०० रुपये' म्हणजे तेवढेच. गोंधळ प्रश्नात असतो, आणि सुटकेची खूणही प्रश्नातच ठेवावी लागते. नोंदीने ओरडून सांगायचे नसते, की मी जोकर नाही. त्या मुलाने उभे राहून ते सांगितले, तरी मी त्याला खाली बसवले.

यंत्राचा अपराध शोधायला गेलो आणि माझाच सापडला. यंत्राने तरी भेद केला नव्हता. पन्नासचा आकडा दिसला, तो एकजात सारा उचलला. दुकानदाराचा मुलगा आणि पोळ्या करणारीचा मुलगा त्याला सारखेच होते. त्या यादीवर दुसरी चाळणी मी लावली. एकाचे नाव पाहून 'ही चूक असणार' म्हणालो आणि दुसऱ्याचे पाहून 'हे बरोबर असणार'. विटलेला सदरा, शेवटचा बाक, आणि त्यापुढे माझा टक्का! एकाला मी त्याचे स्वतःचे रूप दिले आणि दुसऱ्याला गरीब मुलांच्या चिन्हात मोजले. ही चूक दुरुस्त करायला कोणता विद्यार्थी येणार होता?

पुढच्या आठवड्यात मी वर्गासमोर त्या मुलाचे नाव घेऊन सांगितले, की यादी वाचताना चूक माझी झाली होती. मुले गप्प होती. तो मुलगा खिडकीबाहेर पाहत होता. त्याने मला क्षमा केली की नाही, ते मला ठाऊक नाही. त्याच्या आईकडे मात्र मी अजून गेलेलो नाही. 'संगणकाची चूक' हे शब्द परत घ्यायला मला तिच्या दारापर्यंत चालत जावे लागेल, आणि ते अंतर शाळेपासून फार नाही.

यंदाही दुपारी सतरंजी पसरेल. पुतणी पाने लावील, मेहुणे हरकत घेतील. त्याआधी, फराळाचा डबा घेऊन, मला त्या घरी जाऊन यायचे आहे.