मापाचा काठ आणि काठावरचे धान्य

आठवडी बाजार हे धर्मविचाराचे क्षेत्र मानावे काय, हा प्रश्न बिदर जिल्ह्यातील औराद तालुक्यात, चिंताकीच्या परिसरात, केवळ तात्त्विक राहत नाही. कारण मराठी, कन्नड आणि दखनी बोलणारी माणसे तूर, मूग, उडीद आणि ज्वारीच्या व्यवहारासाठी जेथे एकत्र येतात, त्या प्रदेशाच्या भक्तिपरंपरेत धान्याच्या हिशेबाविषयीच्या दोन असामान्य कथा टिकून आहेत.

प्रश्नाचे मूळ मापात आहे. किलोग्रॅमचा वजनकाटा रूढ होण्यापूर्वी धान्य शेर-पायलीने मोजले जाई, मोजणारा पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणे, आणि मापाच्या काठावर दाण्यांची जी निमुळती रास चढे तिला शीग म्हणत. काठाशी हात फिरवून सपाट केलेले माप देणारा कोणालाही फसवत नाही, तर शीग ठेवणारा देणे लागत नसतानाही देतो. मात्र देताना सपाट आणि घेताना शिगेने मोजणाऱ्याच्या हाती तीच शीग लुबाडणुकीचे साधन बनते. तेव्हा काठापर्यंतचा न्याय आणि काठावरची दया यांचा परस्परसंबंध काय, हे ठरवावे लागते.

युरोपातही हा प्रश्न बाजारातच उभा राहिला. जर्मनीतील फ्रायबुर्ग शहराच्या मुख्य चर्चभोवती आजही भाजीपाल्याचा उघडा बाजार भरतो, आणि त्या चर्चच्या प्रवेशमंडपातील दगडावर पावांचे ठरलेले आकार, 1270 आणि 1317 यांसारख्या वर्षांसह, कोरलेले आहेत. म्हणजे घेतलेला पाव नियमाप्रमाणे आहे की नाही, याचा पडताळा देवाच्या दारात होत असे. त्याच तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने एक पेच मांडला: महागाईच्या गावी धान्य घेऊन पोहोचलेल्या व्यापाऱ्याला मागून आणखी धान्य येत असल्याचे ठाऊक असेल, तर त्याने ते सांगावे काय? न्यायाने तो बांधलेला नाही, पण सांगितले तर ते अधिक सद्गुणाचे ठरेल, असे त्याचे उत्तर आहे. ते नेमके असले, तरी न्यायाला काठाशी थांबवून दयेला ऐच्छिक ठेवते.

दामाजीपंतांची कथा अशी विभागणी मानत नाही. बिदरच्या बहामनी सत्तेचे मंगळवेढ्यातील हे अधिकारी दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी खुली करतात, आणि विठ्ठल विठू महाराच्या रूपाने बिदरच्या दरबारी जाऊन त्या धान्याची किंमत भरतो, असे महिपतींनी 1762 साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त येते. देवाने चमत्काराने हिशेब पुसला असता तरी भक्ताची सुटका झालीच असती. परंतु कथेतला देव रक्कम मोजून देतो आणि तिची पावतीही घेतो. दयेपोटी दिलेले धान्यही कोणाचे तरी होते, हे या पावतीने मान्य होते, आणि कथेचे सारे नैतिक बळ येथेच आहे.

दुसरी कथा बाराव्या शतकातील कल्याणची, म्हणजे याच जिल्ह्यातील आजच्या बसवकल्याणची आहे. बसवेश्वरांच्या शरण परंपरेत कायक म्हणजे ईश्वरभावाने केलेले श्रम आणि दासोह म्हणजे त्या श्रमाचे फळ नम्रतेने समाजाला अर्पण करणे. सांडलेले तांदूळ वेचण्याचे कायक करणारे मारय्या एके दिवशी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घरी आणतात, तेव्हा पत्नी लक्कम्मा गरजेपुरते ठेवून उरलेले होते तेथे टाकून येण्यास सांगते. मारय्यांनी चोरी केलेली नाही, मापात खोट नाही, आणि अधिकच्या तांदळातून दासोह करता आला असता. तरीही लक्कम्मा तो संचय नाकारते. न्याय देणाऱ्याच्या मापापाशी संपत नाही, घेणाऱ्याच्या गरजेलाही काठ असतो, हा विचार अक्वायनसच्या पुढचा आहे.

1 नोव्हेंबर 1956 रोजी उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले, तरी सीमेच्या दोन्ही बाजूंना पीक तुरीचेच राहिले. म्हणून सुगीत हातउसने फेडण्याच्या घाईने तूर विकणाऱ्या शेतकऱ्याला, उदगीरचा चढलेला भाव ठाऊक असलेल्या खरेदीदाराने तो सांगावा काय, हा अक्वायनसचा पेच येथे उलट बाजूने जिवंत आहे. लक्कम्माच्या कसोटीने पाहता भाव सांगणे ही खरेदीदाराची कृपा ठरत नाही. मौनामुळे हाती पडलेला अधिकचा नफा मारय्यांच्या अधिकच्या तांदळासारखाच परत करावयाचा ठरतो, मग वजनकाटा कितीही अचूक असो.