चाल कुणाची?

जुन्या संगीत नाटकांची पुस्तके ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना एक गोष्ट आठवेल. पदाच्या माथ्यावर बारीक टाइपात ‘चाल’ असा शब्द असे आणि त्यापुढे, ती ज्या गाण्यावरून घेतली त्याचे पहिले दोन-तीन शब्द. कुठे लावणी, कुठे कीर्तनातले पद, कुठे चक्क कानडी गाणे. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच मुलखातले, गुर्लहोसूरचे. १८८० मध्ये ‘शाकुंतल’ आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले, तेव्हा त्यांच्या कानावरच्या कानडी चालीही मराठी पदांत उतरल्या. त्याला कोणी चोरी म्हटले नाही. उसने कुठून आणले, ते माथ्यावरच छापलेले होते.

हे सारे आठवण्यास निमित्त झाले शाळेतल्या स्नेहसंमेलनाचे. नववीतल्या एका मुलीने ‘सौभद्रा’तले पद म्हटले. मुलगी कन्नड भाषक. शब्द कन्नड लिपीत उतरवून घेऊन तिने महिनाभर तालीम केली. पेटीवर आमच्याच बाई, तबल्यावर दहावीतला मुलगा. तिच्या भावाने ते मोबाईलवर टिपले आणि इंटरनेटवर ठेवले. दुसऱ्याच दिवशी एका ध्वनिमुद्रिका कंपनीच्या नावाने दावा आला, की हे गाणे आमचे आहे. मुलगी माझ्या खोलीत आली आणि एवढेच म्हणाली, ‘सर, मी चोरी केली का?’

असे दावे बहुधा माणूस करीत नाही. यूट्यूबने २००७ मध्ये जी व्यवस्था उभी केली, तिच्यात कंपन्या आपली ध्वनिमुद्रणे ठेव म्हणून देतात. नवी चित्रफीत आली की यंत्र तिचे स्वर त्या ठेवीशी ताडून पाहते. जुळले की दावा. यंत्राला जुळणे कळते, नाते कळत नाही. आणि शिकवलेली चाल शिकवल्याप्रमाणेच गायची तर ती जुळणारच की!

कायद्याने पाहिले तर एका गाण्यात तीन निरनिराळ्या वस्तू असतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्दांवरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. किर्लोस्कर १८८५ साली गेले. चाल त्यांच्याही आधीची. कंपनीचे म्हणून जे आहे ते कोणा गायकाकडून गाऊन घेतलेले ध्वनिमुद्रण, आणि त्यावरचा हक्कही प्रसिद्धीनंतर ६० वर्षेच. मुलीने त्या मुद्रणातला कणही वापरला नव्हता. तिने स्वतःचा गळा वापरला होता.

तरीही हरकत घ्यावी, तर यूट्यूबच्या नियमांप्रमाणे ती आधी दावेदाराकडेच जाते. उत्तर द्यायला त्याला ३० दिवस. वर्गात पेन हरवले तर ज्याचे हरवले त्यालाच आम्ही चौकशीला बसवत नाही. प्रकरण वाढून चित्रफीत काढली गेली तर इशारा, आणि ९० दिवसांत असे तीन इशारे झाले की खातेच बंद होऊ शकते. मग लहान गायक गप्प बसतो, ते भित्रेपणाने नव्हे. त्याची सारी शिदोरी त्या खात्यात असते.

म्हणून कंपन्यांना खलनायक ठरवून मोकळे होता येत नाही. कुंदगोळच्या सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांचा आवाज आज ऐकू येतो तो तबकड्यांमुळेच. मात्र तबकडीचा मालक आणि गाणारा यांच्यात कायद्याने फार काळ भेद केला. गायकाला हक्कच नाही ही उणीव न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयातील निकालात बोलून दाखवली. गायक-वादकांचा हक्क कायद्यात आला १९९४ मध्ये! त्याच दुरुस्तीपर्यंत, कागदावर न उतरलेली चाल कायद्याच्या व्याख्येत ‘सांगीतिक कृती’ ठरतच नव्हती. मुखोद्गत विद्येच्या देशात ही व्याख्या ३५ वर्षांहून अधिक काळ चालली.

आणि आपली परंपरा तरी कुठे एवढी उदार होती? अस्ताई शिकवून अंतरा राखून ठेवणाऱ्या उस्तादांच्या गोष्टी आपण ऐकतोच. अल्लादियाखाँसाहेबांनी तर आपले गाणे मुद्रित होऊ दिले नाही. कुंपण तेव्हाही होते, आणि त्याला साठ वर्षांची मुदतही नव्हती. त्यांच्या घराण्याचे अनवट राग धारवाडला रुजले ते त्यांचे चिरंजीव मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांनी मल्लिकार्जुन मन्सूरांना तालीम दिली म्हणून. ते राग मन्सूरांचे झाले, पण गुरूंचे राहिले नाहीत असे कोण म्हणेल?

मालकी म्हणते, माझ्यावाचून कोणी वापरू नये. ऋण म्हणते, खुशाल वापर, पण कुणाकडून घेतलेस ते सांग. कायद्याला पहिली भाषा उत्तम येते. दुसरी आपणही विसरत चाललो आहोत. मैफलीत फोन उंच धरून अर्धा ख्याल टिपायचा, कलावंताला न विचारता जगाला वाटायचा आणि खाली साथीदाराचे नावसुद्धा लिहायचे नाही, याला मी चोरीच्या फार जवळचे समजतो.

मुलीला मी म्हटले, चोरी नाही, बाळ. पण ज्यांचे देणे लागतेस त्यांची नावे चित्रफितीखाली घाल. हरकतीचा अर्ज तिच्या भावाने भरला आहे. नावे तिने स्वतः लिहिली : शब्द किर्लोस्करांचे, शिकवणाऱ्या बाईंचे नाव, पेटी, तबला. ‘चाल’ या शब्दापुढे जागा कोरी आहे, कारण शाळेच्या प्रतीतले ते पान फाटलेले आहे. कोणा वाचकापाशी ‘सौभद्रा’ची जुनी, चाली छापलेली प्रत असल्यास संपादकांमार्फत अवश्य कळवावे.