वीणा खाली ठेवायची नाही

बेळगावहून चोर्ल्याच्या वाटेने गोव्याला निघाले की जांबोटी लागते. पुढे कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेच्या दिशेने जाते. याच डोंगरांतले म्हादईचे पाणी मात्र पश्चिमेला गोव्यात उतरते. या पाणलोटाच्या दोन्ही अंगांना गाणे पिकले. खाली केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर. वर मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, रामभाऊ कुंदगोळकर. या नावांचा शेवटचा शब्द बघा. केरी, कुर्डी, मन्सूर, हनगल, कुंदगोळ. सगळी गावेच. कुर्डी तर साळावलीच्या धरणाखाली गेली, पण मोगूबाईंच्या नावात ती कोरडी राहिली.

म्हणून ‘खेड्यापर्यंत शास्त्रीय संगीत पोचवू या’ हे वाक्य ऐकले की मला खटकते. हेतू चांगला असतो, देणगीदार मनापासून देतात. पण त्या वाक्यात शहर दाता होते आणि गाव हात पसरून उभे राहते. खरा हिशेब मांडला तर देणे शहराकडेच निघेल.

कुंदगोळचेच घ्या. हुबळीजवळचे हे गाव. तिथल्या नाडगीर वाड्यात अब्दुल करीम खाँसाहेबांचा मुक्काम असे आणि रामभाऊंना त्यांची तालीम मिळाली. हेच रामभाऊ मराठी रंगभूमीवर ‘सवाई गंधर्व’ झाले. पुढे गंगूबाई हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला शिकायला जात, भीमसेन जोशींनी गुरूच्या घरी पाण्याच्या घागरी वाहिल्या. १९५२ मध्ये सवाई गंधर्व गेले आणि १९५३ पासून पुण्यात त्यांच्या नावाचा महोत्सव सुरू झाला, तो साऱ्या देशाला ठाऊक आहे. पण पुण्यतिथीचे रात्रभराचे गाणे त्या वाड्यातही होते. तिथे गावच यजमान असते आणि मोठ्यातला मोठा गवई पाहुणा. गाणाऱ्याचे आसन तेच, ऐकणाऱ्याची सतरंजी तीच. तरी नाते पालटते, आणि नाते पालटले की गाणेही पालटते.

मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यातही हेच. १९३७ मध्ये खाँसाहेब गेले. उरसात त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. तिकीट नाही. कलावंत हजेरी लावायला येतो. ‘हजेरी’ हा शब्द फार मोलाचा आहे. त्यात मानधनाची भाषा नाही आणि उपकाराचीही नाही.

मिरजेचा तंबोरा जगभर जातो; २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण त्याचा भोपळा कारखान्यात तयार होत नाही. तो शेतात वेलीवर धरतो, पंढरपूरकडच्या मातीत वाढतो, वाळतो, मग कारागिराच्या हाती येतो. मोठ्या सभागृहात षड्ज घुमतो तेव्हा कुठल्यातरी शेतकऱ्याचा एक हंगाम घुमत असतो. त्या शेतकऱ्याला आपण ‘रसिक घडवायचा आहे’ म्हणणार?

जांबोटीच्या पट्ट्यातल्या मराठी गावांना स्वतः यजमान होऊन सोहळा उभा करणे नवीन नाही. अखंड हरिनाम सप्ताह बघा. घरोघरची वर्गणी, कुणाचे तांदूळ, कुणाची लाकडे, कुणाकडे कीर्तनकारांची उतरायची सोय. आणि सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढे होतो, पाया पडतो, वीणा गळ्यात घेतो. रात्री दोनचा पहाराही रिकामा जात नाही. कुठल्याही विश्वस्त संस्थेच्या घटनेपेक्षा हा नियम मला भक्कम वाटतो, कारण तो कागदावर नाही, माणसांच्या पाळीवर उभा आहे. शास्त्रीय संगीताचा सोहळा गावात रुजवायचा तर त्याने या नियमावर उभे राहावे. बाहेरून मंडप, ध्वनियंत्रणा, प्रायोजकांचे फलक घेऊन येणारा उत्सव दोन दिवस झगमगतो; ट्रक निघून गेला की मैदान पुन्हा मैदान होते.

आणि गावाजवळ एक गोष्ट आहे जी शहराने गमावली: रात्र. उघड्यावरचा ध्वनिवर्धक रात्री दहाला थांबवावा लागतो. तो नियम योग्यच आहे. आजारी माणसाला, अभ्यास करणाऱ्या मुलाला झोप हवी. पण त्यामुळे मोठ्या मंचावरून मध्यरात्रीनंतरचे राग जवळजवळ उठून गेले. मालकंस आता जेवणाआधी आटोपतो, ललित उजाडल्यावर बऱ्याच वेळाने ऐकावा लागतो. शंभर माणसांच्या देवळात मात्र ध्वनिवर्धकाची गरजच नाही. भात कापून झाले आहे, हवेत गारठा आहे, आणि दोन तंबोरे पुरेसे आहेत. तिथे रात्रीचा तिसरा प्रहर अजून शाबूत आहे.

जांबोटीला, किंवा भोवतालच्या कुठल्याही गावात, असे एक गाणे व्हावे असे मला फार वाटते. देणगी जरूर यावी, पण ती सप्ताहाच्या वर्गणीत मिसळावी, तिच्यावर वेगळे नाव नसावे. गवयाने आदल्या दिवशी यावे, पंगतीला बसावे, भजनी मंडळाचा पखवाज ऐकावा. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी कान देऊन ऐकली आणि त्यातून राग उभे केले. ऐकायला बसण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

मग रात्री मैफलीत साथीच्या तंबोऱ्यावर कोण बसणार, असा प्रश्न निघेल. पहाऱ्याला उभ्या राहणाऱ्या पोरींपैकी एकीला बसवा. तार अखंड कशी ठेवायची ते तिला ठाऊक आहे.