पलीकडे कुणी नाही

रक्तपेढीच्या टेबलावरच्या ताई चारदा "हॅलो" म्हणायच्या आणि रिसीव्हर ठेवून द्यायच्या. "पलीकडे कुणी नाहीच." तोच मोबाइल नंबर तिसऱ्यांदा स्क्रीनवर आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ताईंनी आपल्या मोबाइलवरून तो नंबर लावला. एका बाईला ओ-निगेटिव्ह रक्त हवं होतं. तिला ताईंचं प्रत्येक "हॅलो" स्वच्छ ऐकू गेलं होतं.

रक्तपेढीचा हा इंटरनेटवरचा फोन मीच बसवला होता. अशा फोनमध्ये घंटी एका वाटेनं येते, आवाज दुसऱ्या. घंटीचं काम सिप या प्रोटोकॉलचं. आवाजाचे 20 मिलिसेकंदांचे तुकडे आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलनं जातात, सेकंदाला 50. नेटवर्कवरची पॅकेट्स दाखवणारं वायरशार्क मी लावून पाहिलं: जाणारी पॅकेट्स बरोबर 50, येणारं एकही नाही. सेवा देणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, आमच्याकडून आवाज जातोय. तुम्ही दिलेल्या पत्त्यावरच पाठवतोय." पत्ता होता 192.168.1.24. राउटरच्या आत चालणारा, असंख्य घरांत असलेला खासगी पत्ता. बाहेरच्या इंटरनेटवर त्याला वाटच नाही. कॉल उचलताना आमचाच सर्व्हर सांगत होता, आवाज इथे पाठवा. त्यात बाहेरचा पत्ता भरायचा मीच विसरले होते.

कुमारिल भट्टांच्या मीमांसा परंपरेत 'अनुपलब्धी' हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन आहे. जमिनीवर घडा दिसत नाही, यावरून घडा नाही हे कळतं. अट एकच, घडा असता तर दिसलाच असता अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही. ताईंना ऐकू येत नव्हतं हे खरं, पण त्यावरून "कुणी नाही" म्हणायला ही अट पुरी झालेली नव्हती.

बाबा आयसीयूत होते तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून मी सतरा दिवस विठ्ठलाशी बोलत होते. बाबा गेले, आणि मीही रिसीव्हर ठेवला. पलीकडे कुणी नाही. ईश्वर दिसत नाही म्हणून तो नाही, हा युक्तिवाद न्याय परंपरेतले उदयनाचार्य 'न्यायकुसुमांजली'त याच अटीवर अडवतात: जे इंद्रियांना दिसण्याजोगंच नाही, ते दिसलं नाही म्हणून नाही असं ठरत नाही. कॉलेजात वाचलं तेव्हा मला ही पळवाट वाटली होती. आता वाटत नाही. अर्थात एवढ्यानं 'आहे' हेही ठरत नाही; त्यासाठी उदयनांनी वेगळी अनुमानं मांडली, आणि ती मला अजून पटलेली नाहीत. रक्तपेढीच्या वेळी पलीकडचं बघून सांगणारा एक माणूस होता. बाकावर तसा कुणी नव्हता. पण उत्तरासाठी मी एकच पत्ता दिला होता: बाबा उठून बसतील. दुसरीकडे कुठे काही आलं का, हे मी पाहिलंच नाही.

सर्व्हरमध्ये बाहेरचा पत्ता भरला, राउटरवर आरटीपीसाठी 10000 ते 20000 हे पोर्ट उघडले आणि गल्लीत जाऊन माझ्या मोबाइलवरून फोन लावला. ताईंनी उचलला. बोलायचं मला होतं, पण घसा दाटून आला.

"हॅलो... हॅलो?"

चारदा झालं. मग त्या म्हणाल्या, "आवाज येत नाहीये. पण मी फोन ठेवत नाही. बोला तुम्ही."