शेजार मागताना

१९६४ सालची गोष्ट. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे यान गुडमंड-होयर नावाच्या वास्तुविशारदाने आपल्या मित्रांना एकत्र बसवले. विषय होता घराचा. स्वतंत्र बंगल्यात माणूस एकटा पडतो आणि मोठ्या इमारतीत समोरच्या दारामागे कोण राहते तेही कळत नाही. या दोहोंच्या मधले काही उभारता येईल का?

चर्चेतून एक कल्पना निघाली. प्रत्येक कुटुंबाला आपले घर व आपली चूल असावी. पण सर्वांच्या मध्यभागी एक सामाईक घर असावे. आठवड्यातून काही दिवस तेथे सर्वांनी मिळून जेवावे. मुलांनी तेथे खेळावे, वृद्धांनी गप्पा माराव्यात आणि वस्तीचा कारभार रहिवाशांनीच पाहावा. अशा वस्तीला आपण सहनिवास म्हणू.

शहराच्या वेशीवर, हारेस्कोव्ह येथे त्यांनी जमीन घेतली. बारा घरांचा आराखडा तयार झाला. सरकारी अधिकारी अनुकूल होते. शेजारी मात्र नव्हते. इतकी कुटुंबे आली की मुले येणार, मुले आली की गोंगाट होणार, अशी त्यांची तक्रार होती. अखेर जमीन विकून टाकावी लागली. शेजारासाठी आसुसलेल्या माणसांना शेजाऱ्यांनीच नाकारले!

येथे कोणाचे चुकले? उत्तर वाटते तितके सोपे नाही. नव्या बांधकामाला स्थानिकांनी विरोध करणे म्हणजे नेहमीच कोतेपणा नव्हे. वसईकरांना हे सांगायला नको. टँकरने पाणी उपसले गेले, विहिरी खाऱ्या झाल्या, बावखले बुजवली गेली, तेव्हा आपली माणसे रस्त्यावर उतरली. ते योग्यच होते. कारण पाणी कुणा एकाचे नव्हते. पुढच्या पिढीचेही होते.

म्हणून विरोध करणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा : मी काय वाचवतो आहे? सर्वांच्या मालकीचे काही, की फक्त माझी दुपारची झोप? हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारणे कठीण असते. कधीकधी आपण तोंडाने पाण्याचे आणि रस्त्याचे नाव घेतो. मनात मात्र येणाऱ्यांची भाषा, जात किंवा धर्म असतो. असा विरोध दिसायला हरित असतो, पण त्याचे मूळ कडू असते.

आता दुसरी बाजू. संमती मागणाऱ्याचेही कर्तव्य आहे. नकाशे छापून झाले, पैसे भरून झाले, मग चहाला बोलावून गावकऱ्यांना माहिती दिली, तर ते विचारणे नव्हे. ते कळवणे झाले. विचारणे म्हणजे ‘नाही’ ऐकण्याची तयारी ठेवणे. पाणी कोठून येणार, सांडपाणी कोठे जाणार, मोटारी कोठे उभ्या राहणार, हे पहिली रेघ ओढण्याआधी शेजाऱ्यांसमोर बसून बोलले पाहिजे आणि त्यांचे खरे असेल तेथे आराखडा बदलला पाहिजे. सहनिवासात मोटारी सहसा कडेलाच ठेवतात, आत पायवाटा असतात. पण आत एवढा जिव्हाळा आणि बाहेर उंच कुंपण असेल, तर तो शेजार कसला? सामाईक घराचे दार आजूबाजूच्या लोकांनाही उघडे हवे.

शेजारी कोण, असे विचारणाऱ्या शास्त्र्याला प्रभू येशूने व्याख्या दिली नाही. जखमी वाटसरूची गोष्ट सांगितली. शेजारी जागेने ठरत नाही, वागण्याने ठरतो. आधी आलेल्यालाही ते लागू आहे आणि नंतर येणाऱ्यालाही.

डेन्मार्कमधील ती गोष्ट हारेस्कोव्हला संपली नाही. १९६७ साली बोडिल ग्रो या लेखिकेने तेथील एका दैनिकात लिहिले की, प्रत्येक मुलाला शंभर आईबाप असावेत. अनेक कुटुंबांनी त्यांना प्रतिसाद दिला. पुढल्याच वर्षी गुडमंड-होयर यांनीही आपली कल्पना लेखातून मांडली. दोन्हीकडची माणसे एकत्र आली आणि १९७२ मध्ये सेटेडामेन येथे २७ कुटुंबांचा सहनिवास उभा राहिला. दुसऱ्या वर्षी स्क्रोप्लानेट येथे ३३ घरे झाली. १९९१ साली ही कल्पना अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील डेव्हिस शहरात पोहोचली.

गंमत पाहा. ज्या मुलांच्या गोंगाटाला भिऊन लोकांनी दार लावले, त्याच मुलांच्या काळजीने पुढे दार उघडले.

वाचकहो, आज ना उद्या आपल्याही शेजारच्या मोकळ्या जागेवर कोणीतरी खुंट्या रोवायला येईल. त्याला प्रश्न अवश्य विचारा, कठोरपणे विचारा. पण त्याआधी एक प्रश्न आपल्या मनाला विचारूया : आपण गाव राखतो आहोत, की केवळ दार लावून घेतो आहोत?